प्राइससाहेबांची वाकडी भिंत

शुक्रवार, ४ ऑक्टोबर १९९६. माहूज, आखात. संध्याकाळ.

आधी कोण आलं, तर झोहरा. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या खालच्याच मजल्यावर राहते, आमच्याकडे काय शिजतंय ते तिला लिफ्टमध्येच कळतं. मला मावशी मानते. बोलली, नसीबाखाला, कोथिंबीर आहे काय घरात? स्वतःच्या हातात कोथिंबिरीची जुडी. आज साहेब येणार हे तिला तिच्या नवऱ्याने, कमालने, सांगितलेलं. येऊन बसली ती सोफ्याच्या मधोमध.

मग साहेब आले. माझ्या मुलाचे, खिजरचे बॉस, प्राइससाहेब. सोबत मॅडम. मॅडमचं नाव ब्रॉनवेन. एवढं नाव माझ्या कवळीत अडकतं, म्हणून मी बानूबाय बोलले. तिला आवडलं. मी त्यांना इंग्रज बोलले ते मात्र नाही आवडलं. अस्मा बोलली, दादी, दे आर वेल्श, नॉट इंग्लिश. म्हणजे आपण कोकणातले, आणि लोक सरसकट मुंबईवाले बोलतात, तसं. मी लगेच सुधारून घेतलं.

अस्मा माझी नात. सातवीत आहे, ईसा टाउनच्या शाळेत. मराठी सगळी समजते, उत्तर इंग्रजीत देते. माझं आणि साहेबांचं बोलणं तिच्यामार्फत झालं. मी दहा वाक्यं बोलायची, ती तीन शब्दांत आटपायची. इंग्रजी गरीब भाषा आहे, तिच्यात मावत नाही.

साहेबांनी गावच्या घराचा अल्बम आणलेला. बघून माझा जीव कळवळला. एवढा मोठा साहेब, इथे आमच्या खिजरकडून काचेच्या बिल्डिंगी काढून घेतो, आणि स्वतःचं घर दगडाचं. दगड म्हणजे घडीव चिरे नव्हेत, नदीत सापडतील तसले, लहानमोठे, एकावर एक. भिंत दोन हात जाड. खिडक्या एवढ्याशा की मांजरसुद्धा आत शिरताना विचार करील. एकाच छपराखाली वरच्या टोकाला माणसं, खालच्या टोकाला गुरं, मध्ये आरपार बोळ. शेण उताराने खाली जावं म्हणून गोठा खालच्या अंगाला. साहेब हे कौतुकाने सांगत होते. आता गुरं नाहीत, एवढं तरी बरं.

छपराला कौलं नाहीत. काळ्या पाट्या आहेत, आपल्या शाळेच्या असतात त्याच दगडाच्या. माझी पाटी फुटली तेव्हा बाबांनी दुसरी आणली नाही आणि तिसरीत माझी शाळा संपली. इथे अख्खं छप्पर पाट्यांचं, अभ्यास करणारा एकही नाही.

मी विचारलं, जुनं आहे काय? साहेबांनी दारावर कोरलेला आकडा दाखवला. १६७२. तीनशे वर्षांत यांच्यात कुणालाच ते पाडायला सवड झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब रिटायर होऊन तिथे राहायला जाणार. त्याआधी डागडुजी, त्यासाठी तिथल्या कचेरीची परवानगी, परवानगीसाठी नकाशा. नकाशा आमचा खिजर काढणार, घरी बसून, सुट्टीच्या दिवशी. तो ड्राफ्ट्समन आहे.

आता मुद्द्याचं. माझा व्हिजिट व्हिसा २७ नोव्हेंबरला संपतो. मला राहायचंय. कंपनीने लेटर दिलं तर रेसिडेन्स होईल, असं खिजरच बोलला. लेटरवर सही प्राइससाहेबांची. खिजर बोलतो, विचारलंय अम्मी, साहेब विचार करतायत. करणारच. पण त्यांच्या डोक्यात घर आहे. घर मार्गी लागलं की डोकं मोकळं होईल आणि सही होईल. ते घर मी मार्गी लावते. ठरलं.

रविवार, ६ ऑक्टोबर.

ही डायरी खिजरच्या कंपनीची. पानावर वर अरबी, खाली इंग्रजी, मध्ये मी.

सुमय्याने, सुनेने, विचारलं की अम्मी, तुम्हाला घर बांधण्यातलं काय कळतं? तोंडाने नाही विचारलं. भुवई वर केली.

काय कळतं म्हणजे? बाणकोटचं आमचं जुनं जांभ्याचं घर मी पाडून घेतलं. १९८९ साली. अस्माचे दादा, माझे मालक, तेव्हा नुकतेच गेलेले, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. अकरा महिने गवंड्यासमोर खुर्ची टाकून बसले. घर मीच बांधलं, तो नुसता हात लावत होता. सहा खोल्या, मोझॅक, रंगीत ग्रिल, वर स्लॅब. आमच्या मोहल्ल्यातला पहिला स्लॅब. लोक बोलतात गळतो. गळत नाही. स्लॅबला घाम येतो. कोकणात कुणाला येत नाही?

सहा खोल्यांत मी एकटी असते म्हणून झाडायला वेळ जातो, इतकंच. बाकी मला तिथे काही त्रास नाही. इथे राहायचं ते खिजरला माझ्या हातचं लागतं म्हणून. गेल्या आठवड्यात दोनदा बाहेर जेवला, ती कामाची मजबुरी.

साहेबांसाठी सूचना काढल्या. एक, सगळं पाडा. दोन, स्लॅब. तीन, खिडक्या मोठ्या, सरकत्या, अॅल्युमिनियमच्या. चार, बोळ बुजवा, पुढचं आणि मागचं दार समोरासमोर असलं की घरातली बरकत निघून जाते. अशा चौदा झाल्या. अस्माला बोलले, इंग्रजीत लिही. तिने एक ओळ लिहिली. मी विचारलं, चौदाही आल्या काय यात? बोलली, येस दादी.

बुधवार, ९ ऑक्टोबर.

खिजर बोलला, अम्मी, त्या घराला हात लावायला बंदी आहे. जुनं घर म्हणून सरकारने नोंदवून ठेवलंय. खिडकी बदलायची तर लाकडाचीच, होती तशीच. सिमेंट लावायचं नाही, चुनाच लावायचा. छप्परही पाट्यांचंच.

मी बोलले, आणि ऐकलं नाही तर?

बोलला, दंड. कोर्ट.

बिचारे. वीस मजल्यांना परवानगी देणारा माणूस आपल्या घरची खिडकी उघडायला कचेरीला विचारतो. आमच्याकडे ग्रामसेवकाला दोन पापलेटं दिली की स्लॅब पास होतो. साहेबांना हा मार्ग कुणी सांगितलेला दिसत नाही. तिथे पापलेट मिळतं काय ते अस्माला विचारायचं.

चुन्याचं ऐकून हसू आलं. चुना कसा भिजवायचा, किती दिवस मुरवायचा, गुळाचं पाणी किती, हिरड्याचं किती, मला तोंडपाठ आहे. लहानपणी घाण्यात चुना मळताना बैलामागून चालणारी मीच होते. पण ते मी मुद्दाम विसरलेय. गरिबीतली विद्या चारचौघांत काढायची नसते.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर. जुम्म्यानंतर.

जेवणाच्या टेबलावर खिजरने ड्रॉइंग बोर्ड मांडला. आम्ही खाली चटईवर जेवलो. सुमय्याचे गुडघे दुखले. माझे नाही.

नकाशा कसा वाचायचा ते मला पाच मिनिटांत आलं. घर कमरेएवढ्या उंचीवर आडवं कापायचं, दुधी कापतात तसं, आणि वरून बघायचं. जाड काळं ती भिंत, मोकळं ते दार. एका टोकाला मोठी चूल, एवढी मोठी की आत बाकडं टाकून दोन माणसं बसतील. चुलीच्या पाठीला दगडी जिना, गोल गोल वर जाणारा. जिन्याखाली दुधाची थंड खोली. मला सगळं दिसलं. खिजर बोलला, अम्मी, तू ड्राफ्ट्समन व्हायला पाहिजे होतीस. तो थट्टेने बोलला असं सुमय्याला वाटलं, कारण ती हसली.

काम नाजूक आहे. दुधी रंगाचा ट्रेसिंग पेपर, त्यावर सुईसारख्या पेनाने शाई. चुकलं तर खिजर अर्धं ब्लेड घेऊन शाई हळूच खरवडतो आणि वरून नखाने घोटतो. कोलंबीचा धागा काढण्याइतकंच सोपं आहे.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर.

बानूबाय एकटीच आली चहाला. झोहरा आधीच हजर.

बानूबायने अस्मामार्फत विचारलं, तुमच्या गावी पूर्वी चुन्याचं काम कसं करायचे? आमच्याकडे जाणती माणसं संपली, साहेब अशा माणसाच्या शोधात आहेत, कुणी सापडलं तर त्यांच्यावर उपकार होतील.

मी काय अडाणी आहे असं सांगायला? बोलले, आमच्याकडे चुना कुणी वापरत नाही, फक्त सिमेंट, तेही एक नंबरचं.

झोहराला लाज नाही. बोलली, आमच्या श्रीवर्धनला माझे आजोबा चुन्यात गूळ घालायचे. एवढंच. हिरड्याचं तिला माहीतच नाही. मुरवायचं किती दिवस, तेही नाही. पण बानूबायने पर्समधून वही काढली आणि लिहून घेतलं. जाताना झोहराला आपल्या घरी चहाला बोलावलं.

गूळ घातला म्हणून चहाला. उद्या मुंग्या लागतील भिंतीला, तेव्हा कळेल. मी माझा मान राखला. साहेबांच्या कानावर जाईल की खिजरची आई मॉडर्न आहे. लेटरसाठी तेच कामाला येईल.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर.

नकाशा संपत आला. खिजर आता रोज सखीरच्या साइटवर, थकून येतो, जेवतो, झोपतो.

एक गोष्ट लक्षात आली, कुणाला बोलले नाही. मागची भिंत वाकडी काढलीय. मध्ये पोट सुटल्यासारखी फुगलेली, आणि खालचा कोपरा बाहेर पळालेला. गोठ्याची बाजू तर चुलीच्या बाजूपेक्षा सरळसरळ रुंद. साहेबांनी उन्हाळ्यात टेपने वीत वीत मोजून मापं आणलेली, तीच बघून काढतो, तरी ही गत. मुलाचा हात बिघडलाय. उन्हात साइटवर उभं राहून डोळेही गेले असतील.

आईने मुलाची चूक बायकोसमोर दाखवू नये. 

रविवार, २७ ऑक्टोबर. सकाळी ९.

काल खिजरने हात धुतले, बोलला, झालं, उद्याचा दिवस सुकू दे, सोमवारी ऑफिसचा शरच्चंद्र येऊन रोल घेऊन जाईल, अम्मी, त्याला फक्त दे.

फक्त दे. साहेबांच्या हातात ती भिंत गेली तर बोलतील, याला सरळ रेघ येत नाही, याच्या आईला कशाला लेटर?

सुमय्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते, दोनपर्यंत येत नाही. अस्मा शाळेत. मी बिस्मिल्ला बोलून अर्धं ब्लेड घेतलं. स्टीलची पट्टी लावली. पोट काढलं, कोपरा आत घेतला. तासाभरात भिंत अशी सरळ झाली की बाणकोटच्या गवंड्याने बघून लाजावं. एका जागी कागद जरा पातळ झाला. आजकालच्या कागदात दम नाही.

मग संडास दिसला. पूर्वी तो बाहेर होता, आता जुन्या गोठ्याच्या जागी नवी न्हाणी काढलीय, त्यात. बसणाऱ्याचं तोंड बरोब्बर आमच्या फ्रिजकडे. आमच्या घरात किब्ला फ्रिजच्याच बाजूला, मी पाचही नमाजांना तिकडेच तोंड करून उभी राहते, त्या बाजूला तोंड करून संडासला बसत नाहीत. साहेब मुसलमान नाहीत, कबूल. पण घरी पाहुणे येतात की नाही? उद्या मीच गेले तर? बानूबाय बोलली आहे, यू मस्ट कम. खरवडून फिरवला.

सोमवार, २८ ऑक्टोबर. सकाळी साडेनऊ.

सुमय्याने काल झाडताना टेबल फिरवलं. सकाळी बघते तर संडासाचं तोंड परत फ्रिजकडे. हट्टी आहे. पुन्हा खरवडला, पुन्हा फिरवला. आता बसणाऱ्याचे गुडघे भिंतीला टेकतील, पण मन शांत राहील.

१० वाजता. शरच्चंद्र आला. वेंगुर्ल्याचा, भला माणूस. त्याला बोलले, जपून ने हो, आत घर आहे. बोलला, काळजी नको आज्जी, आजच कुरियर जातंय वेल्सला.

माझ्या हातची भिंत विमानात बसली.

शनिवार, २ नोव्हेंबर.

साहेबांचं काही आलं काय? खिजर बोलला, नाही. लेटरचं? बोलला, साहेब बिझी आहेत, अम्मी. आणि माझं तिकीट घेऊन आला. मंगळवार २६, सकाळचं विमान. बोलला, व्हिसा संपायच्या आत तारीख पाहिजे, नाहीतर एअरपोर्टवर त्रास देतात. दाखवण्यापुरतं आहे. सुमय्या लगेच माळ्यावरून माझी बॅग काढून पुसायला लागली. दाखवण्यापुरतीच असेल. ती कुठलंही काम नीट करते, हे मी मानते.

बुधवार, ६ नोव्हेंबर.

गोदाबाईचं पत्र आलं. बाणकोटला माझ्या घराची किल्ली तिच्याकडे असते. लिहिते, हॉलमध्ये पाणी उभं राहिलेलं, उपसलं, छताचं प्लास्टर दोन जागी पडलंय, लोखंड दिसतंय, तुमचं जुनं घर होतं तेव्हा असं कधी बघितलं नाही हो.

गोदाबाईचं स्वतःचं घर कौलारू आहे, तिला स्लॅबचं काय कळणार? लोखंड दिसतंय म्हणजे लोखंड घातलंय हे सिद्ध झालं. पत्र खिजरला दाखवलं नाही. उगाच बोलेल, जाऊन बघून ये.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.

झोहरा साहेबांच्या घरी चहाला जाऊन आली. तीन दिवस तेच. खाला, त्यांच्या भिंतीवर बघावं तिकडे त्या दगडी घराचे फोटो, बाथरूममध्येसुद्धा. खाला, मॅडम बोलल्या, साहेबांचा जन्म त्याच घरात. खाला, साहेबांच्या आईला म्हातारपणी तिथून काढून शहरात नेलं, तर ती रोज घराच्या भिंती मोजून दाखवायची, अशी. आणि झोहराने बोटांनी हवेत मोजून दाखवलं.

मी बोलले, म्हातारी माणसं असतात चमत्कारिक.

लेटरला अजून पंधरा दिवस आहेत. पंधरा दिवसांत काय होत नाही?

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

खिजर दुपारीच घरी आला. बूट न काढता माझ्यापुढे उभा राहिला. हातात फॅक्सचा कागद. बोलला, अम्मी, भिंत कुणी सरळ केली?

मी बोलले, आधी बस, पाणी घे.

बोलला, अम्मी.

मी बोलले, तू थकला होतास, तुझा हात हलला होता, आईने झाकलं.

मग तो बसला. बोलला, ती भिंत वाकडीच आहे, अम्मी. तीनशे वर्षं वाकडी आहे. साहेबांनी म्हणूनच वीत वीत मोजली होती. तिथला ऑफिसर नकाशा हातात घेऊन घरावर गेला. कागदावर भिंत सरळ, समोर वाकडी. त्याचा समज झाला, साहेब जुनी भिंत पाडून नवी बांधणार आहेत आणि परवानगीच्या कागदात लपवून मंजूर करून घेतायत. सगळं अडकलं. कचेरीत सव्वीस तारखेला मीटिंग आहे, साहेबांना स्वतः जाऊन उभं राहायला सांगितलंय.

मी विचारलं, आणि संडास?

त्याने डोळे मिटले. मग बोलला, संडासाबद्दलही विचारलंय त्यांनी.

साहेबांना तो काय बोलला? बोलला, माझी चूक झाली सर, असं सांगितलं. चांगला मुलगा आहे. माझी कल्पना स्वतःच्या नावावर घेतली त्याचं थोडं वाईट वाटलं, पण ऑफिसात असं चालतं, असं झोहराचा कमालही बोलतो.

सुमय्या आल्यावर त्यांचं आत दार लावून बोलणं झालं. बाहेर येऊन मला बोलली, अम्मी, सकाळच्या वेळी तुम्ही टीव्ही बघत जा. मायेने बोलली.

शनिवार, १६ नोव्हेंबर.

नीट विचार केला. नुकसान काहीच नाही. उलट फायदा. साहेब आता कचेरीसमोर उभे राहणार, तर तिथेच बोलून टाकतील की वाकडी भिंत ठेवून काय मिळतं, आणि कचेरीवाले दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतील. माझी भिंत बघितल्यावर कुणाला वाकडी आवडेल?

अस्माला बोलले. ती बोलली, दादी, दे लाइक इट क्रूकेड. मी विचारलं, का? तिने वही मिटली. मग मराठीत बोलली, कारण ती त्यांची आहे. मुलीची मराठी सुधारतेय. मी इथे राहिले तर वर्षभरात घडाघडा बोलेल. सुमय्याला हे सांगितलं. बोलली, हो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.

शुक्रवारी साहेब आणि बानूबाय येतायत. खिजर बोलला, जाण्याआधी तुला भेटायचंय त्यांना. मला. बघा.

आता खिजरवर विसंबायचं नाही. त्याने विचारलं असेल, पण त्याला नीट विचारता येत नाही, लहानपणी दुकानात पाठवला तर रिकामा परत यायचा. मी स्वतः विचारणार. सांदणं करणार. तांदूळ आज भिजत घातले. सांदण पोटात गेल्यावर बाणकोटला कुणी नाही बोललेलं मला आठवत नाही.

झोहराला कळू द्यायचं नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळी सात.

झोहरा चारला आली. साहेब साडेचारला.

साहेब चिडलेले नव्हते. त्यांनी माझ्या नकाशाची प्रत आणलेली. टेबलावर पसरली, सरळ भिंतीवर बोट ठेवून खिजरला काही विचारलं. खिजर बोलायला तोंड उघडतो तोच अस्माने सगळं सांगून टाकलं. इंग्रजीत, एका दमात, ब्लेड, पट्टी, फ्रिज, सगळं. माझी दहा वाक्यं तीन शब्दांत करणाऱ्या मुलीने या वेळी माझ्या एका तासाची पंचवीस वाक्यं केली. बानूबाय हसून हसून रडली. साहेबही हसले. मग साहेबांनी तो कागद हळूच गुंडाळला आणि बोलले, अस्माने सांगितलं ते असं, की त्यांच्या आईला अंधारातसुद्धा त्या भिंतीचा फुगवटा हाताला लागायचा, त्यावरून तिला कळायचं की आता जिना आला.

मी बोलले, आता सरळ आहे, चाचपावं लागणार नाही. अस्माने हे सांगितलं नाही. मी दोनदा बोलले तरी नाही.

सांदणं खाल्ली. साहेबांनी चार. मग मी विषय काढला. एकच वाक्य बोलले. साहेब, माझ्या लेटरचं काय ठरवलंत?

अस्माने विचारलं. साहेबांनी खिजरकडे बघितलं, मग अस्माला परत विचारलं, कुठलं लेटर? अस्मा माझ्याकडे न बघता बोलली, दादी, ही सेज पप्पा नेव्हर आस्क्ड हिम.

एवढं इंग्रजी मला येतं.

खिजर उठून एसीचा रिमोट शोधायला लागला. आमच्या एसीला रिमोट नाही. सुमय्या सांदणं आणायला आत गेली, सांदणं टेबलावर होती. झोहरा कोथिंबिरीची काडी तोडत राहिली. मी बोलले, खिजर विसरला असेल, कामात असतो. अस्माने हे मात्र जसंच्या तसं सांगितलं.

साहेब बोलले, यात काय अवघड आहे, आजच सही केली असती. पण लेटरहेड ऑफिसच्या कपाटात, आज जुम्मा, ऑफिस बंद, आणि त्यांचं विमान साडेनऊचं. मंगळवारी मीटिंग आहे, ती चुकवता येत नाही, भिंतीचं आहे. परत आले की पहिलं काम तेच. सही केलेलं लेटर स्वतः हातात आणून देतील.

मी तारीख विचारली. अस्माने सांगितली. खिजर बोलला, तुझं विमान सव्वीसला, तीन दिवसांनी हुकलं, अम्मी. आवाज किती दिवसांनी मोकळा लागला त्याचा. सर्दी असेल, गेली.

बानूबायने दारात माझे दोन्ही हात धरले. बोलली, प्रॉमिस. दोघंही येणार, शुक्रवारी, २९ नोव्हेंबरला, संध्याकाळी पाच वाजता.